शेतावर कायोटी मारायची परवानगी: दार वाजवण्याआधी आणि नंतर

कायोटी म्हणजे लांडग्याच्या कुळातला, कोकरं-कोंबड्या मारणारा जंगली प्राणी. अमेरिकेत त्याच्या शिकारीला कायदा फारसा आडवा येत नाही. बहुतेक राज्यांत हंगाम वर्षभर खुला असतो आणि किती मारायचे यावर मर्यादा नसते. हवाई सोडलं तर हा प्राणी प्रत्येक राज्यात आहे. अडतं ते जमिनीपाशी. टेक्ससमध्ये ९० टक्क्यांहून अधिक जमीन खासगी आहे. इलिनॉय, इंडियाना, आयोवा या मका-सोयाबीनच्या पट्ट्यातही तीच गत. जिथे कायोटी आहेत तिथे कोणाचं तरी कुंपण आहे.

नवख्या शिकाऱ्यांची एक समजूत असते: शेतकऱ्याला कायोटी नकोच असतात, म्हणजे तो लगेच हो म्हणेल. त्याला कायोटी नको असतात हे खरं. पण दाराशी उभा असलेला माणूस अनोळखी आहे, त्याच्याजवळ रायफल असणार आहे, आणि गोळी चालणार आहे ती शेतकऱ्याच्या गायींच्या, मुलांच्या आणि घराच्या आसपास. त्याच्या मनात तीन प्रश्न असतात: गोळी कुठे जाईल, फाटक कोण उघडं टाकेल, आणि हा माणूस नक्की कोण. तुमची सगळी तयारी या तीन प्रश्नांची उत्तरं देण्याची असायला हवी. कायोटींनी किती नुकसान होतं हे त्याला समजावत बसू नका, ते तो तुमच्याहून चांगलं जाणतो.

आधी जमीन कोणाची ते शोधा

रस्त्यावरून दिसलेल्या घरातच मालक राहतो असं धरून चालू नका. काउंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) असेसरच्या, म्हणजे जमिनीवरचा कर ठरवणाऱ्या अधिकाऱ्याच्या, संकेतस्थळावर बहुधा जमिनींचा नकाशा असतो. तुकड्यावर क्लिक केलं की मालकाचं नाव, क्षेत्र आणि कराचं बिल जिथे जातं तो पत्ता दिसतो. ग्रामीण काउंट्यांमध्ये छापील प्लॅट बुक (जमिनींचे तुकडे आणि मालकांची नावं दाखवणारं नकाशांचं पुस्तक) अजून मिळतं. ऑनएक्स, हंटस्टँड अशी ॲप्स हीच माहिती फोनवर दाखवतात. फक्त ॲपमधली सीमारेषा काही यार्डांनी सरकलेली असू शकते, म्हणून हद्दीला खेटून बसायचं असेल तर ती रेषा शेवटचा शब्द मानू नका.

मोजमापाची भाषा माहीत असली की बोलणं सोपं जातं. पश्चिम आणि मध्य-पश्चिमेत जमीन सेक्शनमध्ये मोजली आहे. एक सेक्शन म्हणजे एक मैल लांब, एक मैल रुंद, ६४० एकर. त्याचा चौथा भाग म्हणजे क्वार्टर, १६० एकर. "तुमचा तो रस्त्यालगतचा तुकडा" म्हणण्यापेक्षा "ओढा जातो तो वायव्येकडचा क्वार्टर" म्हटलं की समोरच्याला कळतं, हा माणूस नकाशा पाहून आलाय.

नोंदीत नाव एखाद्या एलएलसीचं (खासगी कंपनीचं) किंवा ट्रस्टचं निघालं, किंवा बिलाचा पत्ता दुसऱ्या शहरातला असला, तर बहुधा मालक एक आणि कसणारा दुसरा आहे. अशा वेळी परवानगी दोघांची लागते. मालकाचा होकार कायद्यासाठी, कसणाऱ्याचा होकार कामासाठी. गायी कोणत्या कुरणात आहेत, पेरणी कुठे झाली, विजेचं कुंपण कुठे चालू आहे, हे कसणाऱ्यालाच ठाऊक असतं. मालकाच्या होकारावर आत गेलात आणि कसणाऱ्याला पत्ताच नसला, तर पहिल्याच दिवशी शेरीफची गाडी दिसते. दूर राहणाऱ्या मालकाला एक पानाचं पत्र पाठवा, सोबत उत्तरासाठी तिकीट लावलेलं पाकीट. फोन नंतर.

जमीन आधीच हरणांच्या शिकारीसाठी भाड्याने दिलेली असू शकते, हेही विचारून घ्या. तो भाडेकरू नाराज झाला तर शेतकरी तुम्हालाच बाहेर काढील, कारण पैसे त्याच्याकडून येतात.

शेत निवडताना जनावरं बघा. नुसत्या मक्याच्या शेतकऱ्याला कायोटींचा ताप कमी. मेंढ्या, बकऱ्या, कोंबड्या किंवा व्यायला आलेल्या गायी असतील तिथे तुमच्या विचारण्याला वजन येतं. एका मेंढपाळाने हो म्हटलं की त्याला शेजाऱ्यांची नावं विचारा आणि "मी तुमचं नाव सांगितलं तर चालेल का?" हेही विचारा. शेजाऱ्याच्या ओळखीने उघडलेलं दार एरवी पाच दारं वाजवूनही उघडत नाही. खाद्य विकणारं दुकान आणि गुरांचा डॉक्टर यांना कोणाची कोकरं गेली हे सगळ्यात आधी कळतं.

कागद आणि कायदा

राज्याचा शिकार परवाना आधी काढा. बहुतेक राज्यांत त्यासाठी हंटर एज्युकेशनचा कोर्स लागतो. भारतातून नोकरीसाठी आलेल्यांनी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या माणसाला संघराज्याच्या कायद्यानुसार एरवी बंदूक बाळगता येत नाही, पण वैध शिकार परवाना हा त्याला असलेल्या अपवादांपैकी एक आहे. म्हणजे परवाना नसताना मित्राची रायफल हातात घेणंसुद्धा गुन्हा ठरू शकतो. ग्रीन कार्डवाल्यांना ही बंदी लागू नाही. राज्यांचे नियम यावर आणखी वेगळे असू शकतात, ते बघूनच पुढे जा.

परवानगी तोंडी चालते की लेखी लागते, हे राज्यागणिक बदलतं. ओहायोत खासगी जमिनीवर शिकारीसाठी लेखी परवानगी लागते आणि ती अंगावर बाळगावी लागते. इंडियानात जमीनमालक, किंवा त्याची लेखी परवानगी असलेला माणूस, हंगामाबाहेरही कायोटी मारू शकतो. तिथे तो कागद म्हणजेच तुमचा हंगाम. नॉर्थ डकोटात उलट रीत आहे: पाटी लावून बंद न केलेल्या जमिनीवर शिकारीला जाता येतं. पण तिथे मालक आता ऑनलाइन पद्धतीनेही जमीन बंद करू शकतात, म्हणजे खांबावर पाटी दिसली नाही म्हणून जमीन खुली असं नाही. आणि खुली असली तरी विचारणं चांगलं.

जांभळ्या रंगाचे पट्टे ओळखायला शिका. टेक्सस, मिसूरी, इलिनॉय आणि इतर काही राज्यांत झाडावर किंवा खांबावर मारलेला जांभळा उभा पट्टा म्हणजे "आत येऊ नका" ही पाटीच. टेक्ससमध्ये पट्टा किमान ८ इंच लांब, १ इंच रुंद आणि जमिनीपासून ३ ते ५ फुटांवर असावा लागतो. आयडाहोत रंग नारिंगी. असा पट्टा असलेला मालक परवानगी देणारच नाही असं नाही, पण घराकडे जाताना रस्त्यावरूनच जा, शेतातून नाही.

रात्रीची शिकार, दिवे, थर्मल दुर्बीण (अंगाच्या उष्णतेवरून अंधारात प्राणी दाखवणारी), शिशाच्या गोळ्या यांचे नियम त्या वर्षीच्या राज्य पुस्तिकेत बघा. कॅलिफोर्नियात २०१९ च्या १ जुलैपासून शिकारीत शिशाच्या गोळ्यांना पूर्ण बंदी आहे. पेनसिल्व्हेनियात माणसं राहत असलेल्या घरापासून १५० यार्डांच्या आत, तिथे राहणाऱ्यांच्या परवानगीशिवाय, बंदुकीने शिकार करता येत नाही. आणि जिथे लांडगे आहेत, जसं विस्कॉन्सिन, मिनेसोटा, मिशिगन किंवा तांबड्या लांडग्यांचा पूर्व नॉर्थ कॅरोलिना, तिथे ओळख चुकली तर प्रकरण फार महागात पडतं.

कधी जायचं

पेरणीच्या आणि कापणीच्या दिवसांत शेतकऱ्याला गाठू नका. मका-सोयाबीनच्या भागात म्हणजे एप्रिल-मे आणि सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर. कम्बाइन चालू असताना हात करून थांबवलंत तर उत्तर आधीच ठरलेलं आहे. त्यातून नोव्हेंबर म्हणजे हरणांचा हंगाम, शेतकऱ्याची मुलं, जावई, भाऊ सगळे शेतावर असतात.

आमच्या मते विचारायला सगळ्यात चांगले दिवस म्हणजे ऑगस्ट, आणि हरणांचा हंगाम संपल्यानंतरचा जानेवारी. ऑगस्टमध्ये बोलून ठेवलं की विचार करायला त्याला वेळ मिळतो. जानेवारी-फेब्रुवारीत कायोटींचा माजाचा काळ असतो, ते ओरडतात आणि भरपूर फिरतात, आणि त्याच सुमारास अनेक ठिकाणी गायी व्यायला लागतात. रात्री गोठ्यामागे ओरडणं ऐकलेल्या माणसाला तुमचं म्हणणं पटवावं लागत नाही.

वेळ सकाळी दहा ते दुपारी बाराच्या दरम्यान, किंवा पाऊस पडून शेत ओलं झालेल्या दिवशी. रविवारी सकाळी चर्च, संध्याकाळी जेवण. या वेळा टाळा. अंधार पडल्यावर दूरच्या घराचं दार कधीही वाजवू नका.

दाराशी

एकटे जा, फार तर दोघे. चौघे उतरले की घरातली बाई दार उघडत नाही. साधी स्वच्छ पँट, साधा शर्ट. शिकारीचे ठिपक्याठिपक्यांचे कपडे नकोत, आणि गाडीत बंदूक दिसता कामा नये. बरोबर मूल असेल तर उत्तम, पण मुद्दाम उसनं आणू नका. गाडी फाटकासमोर किंवा ट्रॅक्टरच्या वाटेत लावू नका. अंगणात कुत्रा असेल तर गाडीतच थांबा, कोणी बाहेर येईपर्यंत. दार वाजवून दोन-तीन पावलं मागे सरका, हात मोकळे ठेवा, टोपी-गॉगल काढा.

बोलणं अर्थात इंग्रजीत होईल, पण मजकूर एवढाच:

"नमस्कार, मी अमुक, इथून वीस मिनिटांवर राहतो. तुमच्या ओढ्याकडच्या कुरणात कायोटी मारायला परवानगी द्याल का, एवढं विचारायला आलोय. फक्त कायोटी. हरणं, टर्की, बाकी काही नाही. घाई नाही, विचार करून सांगितलंत तरी चालेल."

यातलं "फक्त कायोटी" हे सगळ्यात कामाचं वाक्य आहे. अनेक मालक हरणांची शिकार घरच्यांसाठी राखून ठेवतात. कायोटीच्या नावाने आलेला माणूस नोव्हेंबरमध्ये हरणाच्या मचाणावर सापडतो, हा अनुभव बऱ्याच जणांना आलेला असतो. कोल्हा, बॉबकॅट (रानमांजर) दिसला तर तोही मारणार नाही, हे स्वतःहून सांगा.

मग गप्प बसा आणि ऐका. तो गायींबद्दल, मागच्या वर्षीच्या शिकाऱ्यांबद्दल, मोडलेल्या कुंपणाबद्दल बोलेल. ती त्याची अटींची यादीच आहे, फक्त यादीसारखी सांगत नाही एवढंच.

पैसे देऊ करण्याची घाई करू नका. मनोरंजनासाठी जमीन फुकट वापरू देणाऱ्या मालकाला अपघाताच्या जबाबदारीतून बरंचसं संरक्षण देणारे कायदे पन्नासही राज्यांत आहेत. पैसे घेतले की अनेक राज्यांत ते संरक्षण कमी होतं किंवा जातं. मालकाने जबाबदारीचा विषय काढला तर हे सांगा आणि त्याने दिलेल्या कागदावर सही करायला तयार राहा. नुसतं "काही होणार नाही हो" म्हटल्याने त्याची काळजी मिटत नाही.

नकाशा टेबलावर ठेवा

तो हो म्हणाला की बहुतेक जण आभार मानून पळ काढतात. घोटाळे इथूनच सुरू होतात. त्या शेताचा हवाई नकाशा आधीच कागदावर छापून न्या, सोबत एक लाल आणि एक हिरवं पेन. कागद ट्रकच्या बॉनेटवर पसरा आणि पेन त्याच्या हातात द्या. तो बोट ठेवून सांगायला लागतो: इथे धाकट्या मुलाचं घर, नकाशावर नाही, गेल्या वर्षी बांधलं. हे पाण्याचं डबकं, गायी इथे जमतात. या खांबापासून पुढे शेजाऱ्याचं, तो शिकारीच्या विरोधात आहे. ही जुनी विहीर, वर फक्त फळ्या टाकल्यात. घरं, गोठे, डिझेलची टाकी, शेजारी लाल पेनने. गाडी कुठे उभी करायची, कुठून चालत आत जायचं, हे हिरव्याने.

गोळी कोणत्या दिशेने चालवायची नाही हे त्याच कागदावर बाण काढून ठरवा. रायफलच्या .२२३ काडतुसाची गोळी चुकली तर मैलाहून बरीच पुढे जाते. सपाट शेतात तिला अडवायला काही नसतं. म्हणून बसायची जागा अशी निवडा की कायोटीच्या मागे चढ किंवा बांध येईल. हे त्याच्यासमोर नकाशावर दाखवलंत, तर त्याच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर न विचारता मिळतं.

राखणीचे कुत्रे आहेत का, हे हमखास विचारा. ग्रेट पिरेनीज, अनातोलियन शेफर्ड हे मेंढ्यांबरोबर राहतात, रात्री लांबवर फिरतात आणि कायोटीची हाळी (कायोटीला जवळ बोलवायला शिकारी काढतो तो नकली आवाज) ऐकली की आवाजाकडे धावत येतात. थर्मलमध्ये रंग दिसत नाही, अंतराचा अंदाज चुकतो, आणि दोनशे यार्डांवरचा कुत्रा आणि शंभरावरचा कायोटी यांत गल्लत होते. कुत्रा मारला गेला तर परवानगी गेलीच, पण त्या मेंढपाळाची दोन-तीन वर्षांची मेहनतही गेली. शेजाऱ्याकडे असे कुत्रे आहेत का तेही विचारा, त्यांना कुंपण समजत नाही.

लेखी परवानगी

राज्याच्या वन्यजीव खात्याचा छापील नमुना मिळत असेल तर तोच वापरा. नसेल तर एका पानात हे यावं:

- मालकाचं नाव, फोन, सही, तारीख; कसणारा वेगळा असेल तर त्याचीही
- तुमचं नाव, फोन, परवाना क्रमांक, गाडीचा रंग, मॉडेल आणि नंबर
- जमिनीचं वर्णन: काउंटी, टाउनशिप (सेक्शनांचा गट), सेक्शन, एकर
- फक्त कायोटी. दिवसा, रात्री की दोन्ही. रायफल की शॉटगन
- कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत
- बरोबर कोण येऊ शकतं, नावानिशी

दोन प्रती करा. तुमची प्रत प्लास्टिकच्या पिशवीत, अंगावर. फोनमधला फोटो सोबत असू द्या, पण बॅटरी थंडीत संपते. मालकाला तुमचं नाव, फोन आणि गाडीचा नंबर लिहिलेलं छोटं कार्डही द्या. ते फ्रिजवर चिकटतं, आणि पुढच्या वेळी कोंबडी गेली की फोन तुम्हाला येतो.

नाही म्हणाला तर कारण विचारू नका, हुज्जत घालू नका. "वेळ दिलात, आभारी आहे. कधी त्रास झाला तर हा माझा नंबर" म्हणून कार्ड ठेवून निघा. फेब्रुवारीत पहिलं वासरू गेल्यावर असे कितीतरी नकार बदलतात.

प्रत्यक्ष शिकारीच्या दिवशी

दरवेळी निघण्याआधी मालकाला मेसेज करा: आज, किती वाजता, कुठे, किती जण. परवानगी वर्षभराची असली तरीही. आज त्या कुरणात गायी हलवल्या असतील, किंवा कोणी कुंपण दुरुस्त करत असेल. रात्री जाणार असाल तर शेरीफच्या कार्यालयाला किंवा गेम वॉर्डनलाही (शिकारीच्या नियमांवर लक्ष ठेवणारा अधिकारी) कळवा, कारण अंधारात दिवा आणि बंदुकीचा आवाज आला की शेजारी फोन करणारच.

फाटक जसं सापडलं तसंच ठेवा. उघडं असेल तर उघडं. अनेकांना वाटतं लावून घेतलं तर बरं, पण ते उघडं असतं कारण गुरं त्यातून पाण्यावर जातात. लावलंत तर कळप रात्रभर तहानलेला राहतो. फाटकावरून चढायचं असेल तर बिजागरीच्या बाजूने चढा. मोकळ्या टोकाला भार पडला की फाटक खाली लोंबतं आणि मग कडी बसत नाही. काटेरी तार ओलांडायची तर खांबालगत, आणि बंदूक आधी रिकामी करून पलीकडे ठेवा.

गाडी शक्यतो रस्त्यालाच. हिवाळ्यात हिरवं दिसतं ते गवतच असेल असं नाही, तो हिवाळी गहू असतो. सकाळी सहाला जमीन दगडासारखी गोठलेली, गाडी आरामात आत जाते. दहा-अकराला वरचे दोन-तीन इंच विरघळतात आणि बाहेर पडताना चाकं फूटभर खोल चर पाडतात. ते चर शेतकऱ्याला उन्हाळ्यापर्यंत दिसत राहतात.

व्यायला आलेल्या गायींच्या कुरणात पिल्लाच्या केविलवाण्या ओरडण्याचा आवाज लावू नका. कायोटीच्या आधी गायीच धावत येतात, कुंपणाला भिडतात, आणि तान्ही वासरं पायाखाली येऊ शकतात. शेजारच्या मोकळ्या रानातून, वाऱ्याची दिशा बघून हाळी द्या. मारलेल्या कायोटीचं काय करायचं ते आधी विचारलेलं असू द्या. हातमोजे घालून उचला, रस्त्याच्या कडेला किंवा ओढ्यात टाकू नका. रिकामी काडतुसं वेचा, आणि दुसऱ्याने टाकलेला कचराही.

परतल्यावर त्याच दिवशी मेसेज: किती दिसले, किती मारले, कुठे. काही मारलं नाही तरी कळवा. मोडलेली तार, आडवी पडलेली गाय, कुंपणाबाहेरचं वासरू दिसलं तर लगेच फोन करा, मग कितीही वाजलेले असोत. यानेच शेतकऱ्याला तुम्ही हवेहवेसे होता, मेलेल्या कायोटींनी तितकं नाही. विचारल्याशिवाय मित्राला नेऊ नका आणि जागा ओळखू येईल असे फोटो टाकू नका. डिसेंबरात एखादी खाण्याची वस्तू आणि हाताने लिहिलेलं कार्ड घेऊन जा. एखादा शनिवार कुंपण दुरुस्तीला मदत करा.

परवानगीची तारीख संपण्याआधी महिनाभर नवीन कागद घेऊन पुन्हा दाराशी जा. मधल्या काळात जमीन विकली गेली, मालक वारला किंवा कसणारा बदलला, तर जुन्या कागदाच्या भरवशावर आत जाऊ नका. नव्या माणसाकडे पुन्हा पहिल्यापासून, साध्या कपड्यांत, सकाळी दहानंतर.